स्मारके पुरेत, आता शाकारणी करा!

आपल्या महाराष्ट्रात जुन्या इमारतीवर प्रेम करण्याची एक ठरलेली वेळ असते. ती म्हणजे इमारत पडल्यानंतरची. उभी असेतो तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहायचे नाही. छप्पर गळू लागले की घरमालकाने भाडेकरूकडे बोट दाखवायचे आणि भाडेकरूने घरमालकाकडे. भिंतीच्या भेगेत पिंपळ रुजला तर तो उपटायचा नाही. उपटला तर पाप लागते आणि न उपटला तर भिंत जाते, पण भिंत काय, आपली एकट्याची थोडीच आहे? मग एके दिवशी सारा डोलारा खाली आला, की सभा भरवायची, गहिवरून भाषणे करायची, कोनशिला बसवायची, नारळ फोडायचा आणि 'या ठिकाणी पूर्वी अमुक वाडा होता' अशी पाटी लावून घरी यायचे. ही पाटी लावण्यात आपला हात धरणारा दुसरा प्रांत नसेल!

मी बुरोंडीचा राहणारा. दापोली तालुक्यातले, मासळीच्या होड्यांचे, समुद्रकाठचे आमचे गाव. उमेदीची वर्षे मुंबईत गिरगावच्या चाळीत काढली आणि नोकरी संपल्यावर गावच्या घरी परत आलो. तेव्हा शहरातली जुनी इमारत आणि गावातले जुने घर, दोन्हींचे गळणे मी डोक्यावर घेतलेले आहे. त्या अधिकाराने चार कडक शब्द बोलणार आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर थोडे तिखट चालते, असे समजून वाचकांनी ते गोड मानून घ्यावेत.

आमच्याकडे एक शब्द आहे : शाकारणी. शहरात वाढलेल्या मुलांना तो आता ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. वैशाखात, पाऊस यायच्या आत, घरावर चढायचे. कौले उतरवायची, झाडायची, माकडांनी फोडलेली वेगळी काढायची. खालच्या रिपा आणि वासे ठोकून पाहायचे. वाळवी लागलेला वासा असेल तो बदलायचा. मग कौले पुन्हा जागच्या जागी बसवायची. आमच्याकडे वर्षाला सव्वाशे इंचांहून अधिक पाऊस पडतो. एक वर्ष शाकारणी चुकली तर पाणी वाशात शिरते. दुसऱ्या वर्षी चुकली तर आढ्यात. आणि तिसऱ्या वर्षी मातीच्या भिंतीत. मग त्या घराला शत्रूची गरज नाही. हे काम एकट्या घरधन्याचे कधीच नव्हते. वाडीतली चार माणसे आज याच्या घरावर, उद्या त्याच्या. ज्याचे घर, त्याच्याकडे दुपारचे जेवण. शाकारणीच्या उद्घाटनाला पाहुणे बोलावल्याचे, हार घातल्याचे किंवा भाषण झाल्याचे कोणी ऐकले आहे काय? आणि तरीही शंभर-शंभर वर्षे जांभ्याची आणि मातीची घरे या पावसात उभी राहिली, ती या मुक्या कामामुळे.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे, की शहरांतल्या जुन्या इमारती वाचवायच्या असतील तर स्मारकांचा हव्यास सोडून आपण शाकारणीची सवय लावून घेतली पाहिजे. आणि ती सवय सरकारने नव्हे, त्या-त्या आळीने, पेठेने, चाळीने लावून घेतली पाहिजे. हे म्हणणे ज्यांना फार साधे वाटेल त्यांनी माझ्याबरोबर आधी पुण्याच्या बुधवार पेठेत यावे.

दगडूशेठ गणपतीच्या समोर भिड्यांचा वाडा होता. या वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. ज्या समाजात मुलीने पाटी हातात धरली तर तिच्या नवऱ्याचे आयुष्य कमी होते असे शहाणीसुरती माणसे सांगत, त्या समाजाच्या भर पेठेतली ही शाळा. आज या अंकाची पाने उलटणाऱ्या प्रत्येक आईची आणि मुलीची वाट त्या उंबऱ्यावरून आलेली आहे. असा वाडा दुसऱ्या कोठल्या देशात असता तर त्याची एकेक तुळई लोकांनी पोटच्या पोरासारखी सांभाळली असती. आपण काय केले? त्याच्या खाली दुकाने थाटली, वरचे मजले खचू दिले, आणि त्याचे स्मारक कोणी, कसे, कोणत्या पैशाने करायचे यावर वर्षानुवर्षे वाद घातला. दावा दहा वर्षांहून अधिक काळ न्यायालयांत चालला. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूंची मागणी फेटाळली आणि डिसेंबर २०२३ मध्ये महानगरपालिकेने जागा ताब्यात घेऊन वाडा पाडला. कशासाठी? त्याच वाड्याचे स्मारक उभारण्यासाठी!

माझा रोख येथे नीट समजून घ्यावा. ज्यांनी या जागेसाठी मोर्चे काढले, निवेदने दिली, उपोषणे केली, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. त्यांच्यावाचून तेथे आज एखादे कपड्यांचे दुकान तेवढे उरले असते. न्यायालयाचाही दोष नाही. वाडा त्या वेळेपर्यंत इतका मोडकळीस आला होता, की तो तसाच ठेवणे शक्य नव्हते असे म्हणणाऱ्यांशीही मी भांडत नाही. मी विचारतो ते एवढेच, की तो मोडकळीस येईपर्यंतची जी पन्नास-साठ वर्षे होती, त्या वर्षांत पावसाळ्याआधी त्याच्या छपरावर कोण चढले? एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या सुशिक्षित पेठांत, एवढ्या शाळांतून शिकून निघालेल्या लाखो मुलींच्या गावात, त्या एका छपराची कौले परतवायला चार माणसे आणि चार पैसे निघाले नाहीत. स्मारक उद्या देखणे होईल, त्यात पुतळे बसतील, चित्रे लागतील. पण ज्या भिंतींनी त्या पहिल्या मुलींचा पाठ ऐकला, त्या भिंती कोणत्याही निधीतून परत येणार नाहीत.

आपल्या रक्तातच हे नाही, असे म्हणून मोकळे होण्याची सोय मात्र इतिहासाने ठेवलेली नाही. भिडे वाड्यापासून चालत थोड्याच वेळात विश्रामबागवाड्याशी पोचता येते. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला हा वाडा. मे १८७९ मध्ये पुण्यात मोठी आग लागली. त्या आगीत बुधवारवाडा भस्म झाला आणि विश्रामबागेचाही पुढचा भाग जळाला. राज्य इंग्रजांचे, पेशवाई बुडून साठ वर्षे झालेली, नुकताच दुष्काळ होऊन गेलेला. वाडा जळाला तर जळाला असे म्हणायला सबबींची ददात नव्हती. पण लोकांनी वर्गणी जमवली, नगरपालिकेने भर घातली आणि जळालेला भाग पुन्हा उभा केला. आज आपण पाव्हण्यांना कौतुकाने दाखवतो ते सुरूच्या घाटाचे नक्षीदार खांब आणि ती दर्शनी गॅलरी, त्या वर्गणीमुळे आपल्या नजरेस पडतात. बुधवारवाड्यासाठी कोणी तसा हात पुढे केला नाही. त्याचे आज नाव तेवढे उरले. एका रात्रीत जळालेले दोन वाडे, आणि दोघांच्या नशिबांत फरक पडला तो वर्गणीच्या थाळीने. एवढे स्पष्ट उदाहरण समोर असताना आपण सरकारच्या तोंडाकडे का पाहत बसतो?

आता मुंबईला येतो. बुरोंडीच्या माणसाला मुंबई टाळता येत नाही. आमच्या तालुक्यातल्या घराघरांचे वासे मुंबईच्या मनिऑर्डरींनी तोलून धरले होते. गिरगाव, लालबाग, परळ या भागांतल्या चाळी आम्हा कोकण्यांनी भरल्या. त्या चाळी आज का कोसळतात याचे कारण पावसात शोधू नका, ते कायद्याच्या पुस्तकात आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण मानले आणि पुढे अर्धशतकभर ते जवळजवळ तेथेच गोठून राहिले. कायद्याचा हेतू चांगला होता. युद्धानंतर शहरात माणसांचे लोंढे येत होते आणि त्यांना रस्त्यावर काढणाऱ्या मालकांना वेसण हवी होती. गरिबाचे छप्पर या कायद्याने राखले, हे मी कधी विसरणार नाही. मीच त्याचा लाभधारक. पण महागाई शंभर पटींनी वाढली आणि भाडे मात्र तेथेच राहिले, तेव्हा मालकाने दुरुस्ती सोडून दिली. १९६९ साली सरकारने जुन्या इमारतींवर उपकर बसवला आणि दुरुस्तीसाठी मंडळ नेमायचे ठरवले. त्या वेळी अशा इमारती मोजल्या त्या १९,६४२ भरल्या. एवढ्या इमारतींची शाकारणी एका मंडळाने करायची! ज्या कामाला वाडीतली चार माणसे लागतात ते काम सरकारी टिपणीवर सोपवले, की टेकू लागतात, दुरुस्ती होत नाही. मुंबईच्या जुन्या गल्ल्यांतून फिरा. लाकडी आणि लोखंडी टेकूंवर तोललेल्या इमारती दिसतील. 'तात्पुरता' म्हणून लावलेला टेकू पाहत पाहत मुले मोठी झाली आणि त्यांची लग्नेही झाली.

आमच्या चाळीचे सांगतो. नावे नकोत. मालक पावती फाडायला दर महिन्याला माणूस पाठवी. बाकी त्याचा आणि इमारतीचा संबंध नव्हता. मागच्या अंगाला पावसाच्या पाण्याचा नळ फुटला. ते पाणी चार पावसाळे भिंतीतच मुरले. पाण्याबरोबर पिंपळ आला. आम्ही अर्ज केले. अर्जांना आवक क्रमांक मिळाले. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंनी, ज्या गिरणीत बदली कामगार म्हणून राबल्या होत्या, सगळ्यांना गॅलरीत बोलावून विचारले, "तुमच्या घरात पोराला ताप आला तर अर्ज करता की डॉक्टरकडे नेता?" त्या महिन्यात आम्ही वर्गणी काढली, नळ बदलला, पिंपळ मुळासकट काढून ती भेग चुन्याने भरली. पिंपळाची रीतसर पूजा करून, क्षमा मागून, त्याचे रोप जवळच्या देवळाच्या आवारात लावले. त्यामुळे पुण्यही गेले नाही आणि भिंतही राहिली. ती चाळ अजून उभी आहे. ज्यांनी अर्जांवर भरवसा ठेवला अशा आजूबाजूच्या दोन इमारतींच्या जागी आज मनोरे आहेत.

आता माझ्यावर जे आक्षेप येणार आहेत ते मीच मांडतो.

पहिला आक्षेप जिवाचा. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ माणसे मेली. "तुम्हांला जुन्या खांबांचे कौतुक, तिथे माणसे मरतात," असे कोणी म्हणेल. म्हणावेच. माणसापेक्षा वीट मोठी मानणारा मी नव्हे. जी इमारत खरोखर धोक्याची झाली ती रिकामी केलीच पाहिजे आणि त्या माणसांना जवळच घर मिळाले पाहिजे. पण इमारत वयाने पडते हा समज खोटा आहे. मुंबईतच दीडशे वर्षांच्या सरकारी इमारती, देवळे, मशिदी, चर्चे ताठ उभी आहेत, कारण त्यांच्या छपरावर कोणीतरी वेळेवर चढते. सागाची तुळई आणि चुन्याची भिंत यांना म्हातारपण मारत नाही, मुरलेले पाणी मारते. तळमजल्यावर दुकान मोठे करण्यासाठी काढलेली भिंत मारते, न विचारता चढवलेला मजला मारतो. तेव्हा इमारत कोसळून माणसे मेली की दोष जुनेपणाला देऊन हात झटकणे हा त्या मेलेल्यांवर दुसरा अन्याय आहे. जी शाकारणी जुनी वास्तू वाचवते, तीच माणसेही वाचवते. या दोहोंत भांडण लावून देणाऱ्याचा हेतू तपासून घ्यावा. बहुधा त्याच्या खिशात नव्या मनोऱ्याचा नकाशा सापडतो.

दुसरा आक्षेप सोयीचा आहे आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो बायका काढतात. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, गॅलरीच्या टोकाला सामाईक संडास, पहाटे पाण्यासाठी रांग. ज्या सुनेने तीस वर्षे ही रांग धरली तिला 'चाळसंस्कृती जपा' म्हणून सांगायला जाणारा माणूस स्वतः कोठे राहतो ते आधी विचारा! तो बहुधा विसाव्या मजल्यावर राहतो, आणि चाळीवरचे नाटक पाहून डोळे पुसत लिफ्टने घरी जातो. अशा हळव्या लोकांनी या कामाचे जेवढे नुकसान केले तेवढे बिल्डरांनीही केले नसेल. वारसा म्हणजे गैरसोय, अशी लोकांची समजूत त्यांनी करून दिली. वास्तविक तसे नाही. जुन्या इमारतीत नवा नळ जातो, नवा संडास बसतो, दोन खोल्यांची एक होते. १९९५ साली मुंबईसाठी वारसा-नियम झाले. त्यांत इमारतींच्या श्रेणी पाडल्या आहेत. पहिल्या श्रेणीच्या वास्तूला हात लावताना फार जपावे लागते. खालच्या श्रेणीत आतले पुष्कळसे बदलता येते, फक्त त्या रस्त्याचा चेहरा विद्रूप होऊ द्यायचा नाही. म्हणजे कायदा तुमच्या संडासाच्या आड आलेला नाही. आड आला आहे तो आपला आळस, आणि सगळे पाडून फुकट मिळणाऱ्या मोठ्या घराची आशा. त्या आशेवर कित्येक कुटुंबे संक्रमण शिबिरात म्हातारी झाली.

तिसरा आक्षेप असा, की हे सारे सुखवस्तू लोकांचे उद्योग. याला थोडा आधार आहे. मुंबईच्या ओव्हल मैदानाभोवतालच्या रहिवाशांनी नव्वदीच्या दशकात एकत्र येऊन मैदानाची दुर्दशा थांबवण्यासाठी न्यायालय गाठले. पुढे तेथल्याच रहिवासी संघांनी आणि वास्तुतज्ज्ञांनी कित्येक वर्षे खपून, सरकारला सोबत घेऊन, मैदानाच्या दोन्ही अंगांच्या इमारतींचा प्रस्ताव युनेस्कोकडे नेला. एका बाजूला न्यायालय आणि विद्यापीठ यांचा गॉथिक दगडी थाट, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको पद्धतीची, गोल कोपऱ्यांची राहती घरे. अशा ९४ इमारतींचा समूह २०१८ साली जागतिक वारसा ठरला. ही माणसे खाऊनपिऊन सुखी होती, हे खरे. पण म्हणून त्यांचे काम खोटे ठरते काय? शहाणपण श्रीमंताच्या घरून आले म्हणून टाकून द्यायचे नसते. आणि गिरगावातली खोताची वाडी पाहा. नाव आमच्या कोकणातले, खोताचे. घरे मुख्यतः ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची. लाकडी जिने, कोरीव कठडे, पुढे व्हरांडा. एके काळी तेथे साठांहून अधिक घरे होती, आज निम्मीही नाहीत. जी आहेत ती राहणाऱ्यांच्या हट्टाने आहेत. वाडीच्या तोंडाशी मनोरा येतो म्हटल्यावर ही मध्यम स्थितीतली माणसे कोर्टकचेरी करतात, वाडीत उत्सव भरवून लोकांना घरे दाखवतात, आणि पुढल्या पावसाआधी आपापली कौले परतवतात. त्यांना मी मनातल्या मनात आमच्या वाडीचे समजतो.

राहता राहिला पैसा. अहो, पैसा नाही हे वाक्य मराठी माणसाने गणेशोत्सवाच्या दहा दिवसांनंतर तरी उच्चारू नये! १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईकांच्या चाळीत मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती बसला. त्या दिवसापासून आपल्याजवळ एक अशी संस्था आहे, जिच्यासारखी जगात क्वचित असेल. प्रत्येक चाळीत, प्रत्येक आळीत एक मंडळ. त्याला अध्यक्ष, खजिनदार, पावतीपुस्तक, आणि रात्री अकरा वाजता जिने चढून वर्गणी वसूल करणारी तरणी पोरे. ही फौज वर्षातून दहा दिवस मांडव सजवते आणि उरलेले साडेअकरा महिने झोपते. मांडवात कधी राजवाड्याचा देखावा, कधी किल्ल्याचा. पुठ्ठ्याचा रायगड करायला लाखाचा खर्च, आणि ज्या खऱ्या छपराखाली तो पुठ्ठ्याचा रायगड उभा केला त्या छपरातून गजाननाच्या मुकुटावर पाणी ठिबकते! माझी सूचना अगदी रोकडी आहे. मंडळाने जमलेल्या वर्गणीतला दहावा हिस्सा 'शाकारणी निधी' म्हणून बाजूला काढावा. गावात देव बसवायचा तर आधी देऊळ शाकारतात. तोच नियम चाळीला लावा. अनंतचतुर्दशीला विसर्जन झाले की दुसऱ्या दिवशी त्याच पोरांनी इमारतीभोवती फिरून यादी करावी : कोठे पिंपळ रुजला, कोणता नळ फुटला, कोणती तुळई भिजते. पावसाळा नुकताच सरत आलेला असतो. गळती ताजी दिसते. हिवाळ्यात जाणत्या अभियंत्याला दाखवावे आणि वैशाखाच्या आत काम उरकावे. मालकाला नोटीस द्यायची ती द्या, मंडळाकडे अर्ज करायचा तो करा. पण उत्तराची वाट पाहत पिंपळाला वाढू देऊ नका.

हे काही माझे नवे शोधकाम नव्हे. विल्यम मॉरिस या इंग्रज कवीने आणि त्याच्या मित्रांनी १८७७ साली लंडनमध्ये जुन्या इमारती जपण्यासाठी एक संस्था काढली. त्या काळी तिकडे जुनी चर्चे 'सुधारण्या'च्या नावाखाली खरवडून नवी करण्याचा सपाटा चालला होता. मॉरिसचे सांगणे होते की वास्तूला नवे रूप देण्याचा मोह सोडा. रोजची निगा राखा, कलत्या भिंतीला आधार द्या, गळते छप्पर दुरुस्त करा. म्हणजे शाकारणीच! तिकडे जपानात इसे येथील देवस्थान दर वीस वर्षांनी पुन्हा नव्या लाकडात जसेच्या तसे बांधतात. सातव्या शतकापासूनची ही रीत. मध्ये खंड पडले, पण २०१३ साली बासष्टाव्यांदा ते बांधले गेले. तेथे लाकूड नवे असते, पण सुताराचा हात जुना असतो. बापाने ज्या सांध्यात पटाशी घातली तोच सांधा मुलगा शिकतो. इंग्रज आणि जपानी यांच्या रीती एकमेकींहून अगदी निराळ्या. तरी दोघांना एक गोष्ट कळली होती, की वास्तू टिकते ती तिच्यावर पुन्हा पुन्हा पडणाऱ्या माणसाच्या हातामुळे.

शहरांना एवढे बोलून झाल्यावर आमच्या गावाला सोडले तर तो पक्षपात होईल. आमच्या बुरोंडीच्या डोंगरावर पृथ्वीगोलावर उभा असलेला परशुराम पाहायला आता लांबलांबचे प्रवासी येतात. आनंद आहे. पण डोंगराच्या खालची कुलुपबंद घरे कोणी पाहत नाही. आमच्या साऱ्या किनाऱ्यावर हेच चित्र. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि दापोली तालुक्यातल्या घरांवरची कौले पाचोळ्यासारखी उडाली. माणसांवर डोके झाकायची पाळी होती, तेव्हा मिळेल तो पत्रा ठोकला. त्यात कोणाला बोल लावता येत नाही. पण वादळ सरून वर्षे लोटली तरी पत्रा तेथेच आहे, कारण कौले परतवणारी माणसे आता म्हातारी झाली आणि त्यांच्या पोरांनी तो हात शिकून घेतला नाही. देवळांची तीच तऱ्हा. जीर्णोद्धार म्हणजे जे जीर्ण झाले त्याला उचलून धरणे. आम्ही त्याचा अर्थ असा लावला, की लाकडी खांबांचे, कौलारू, गारव्याचे देऊळ पाडायचे आणि तेथे सिमेंटचे, रंगीत, उन्हाळ्यात भट्टीसारखे तापणारे देऊळ बांधायचे. जुने कोरीव खांब कोठे गेले म्हणून विचाराल तर कोणी मान वर करून बघणार नाही. मुंबईकर मंडळ पैसे पाठवते, आणि मुंबईत जो प्रकार बिल्डर आमच्या चाळींचा करतो तोच प्रकार आम्ही आमच्या ग्रामदेवतेच्या देवळाचा करतो. चाळ गेली म्हणून आठवणीने हळहळणारा चाकरमानी गावी येऊन सभामंडपावर पहिली कुदळ मारतो, याला काय म्हणावे?

वाचकहो, सण आहे. घरोघरी झाडलोट झाली असेल, रंग दिला असेल, कंदील टांगला असेल. पाव्हणे गेले, की घरातल्या पोरांना घेऊन एकदा आपली इमारत खालपासून वरपर्यंत पाहून या. गच्चीवर जा, मागच्या गल्लीत जा, जिन्याखाली वाकून बघा. पिंपळ दिसेल, वाहता नळ दिसेल, भिजून काळी पडलेली तुळई दिसेल. जे दिसेल ते वहीत लिहा आणि ती वही मंडळाच्या पुढच्या सभेत टेबलावर ठेवा. गावी घर असेल तर त्याची किल्ली कोणाकडे आहे ती विचारा, आणि कौले परतवणारा जो एखादा आजोबा वाडीत उरला असेल त्याच्याबरोबर या वैशाखात आपला एक मुलगा किंवा मुलगी छपरावर चढवा. मुलगी चढली तर अधिक चांगले; भिडे वाड्याचे तिच्याकडे देणे आहे. वैशाखाला अजून सहा महिने आहेत. वासे, रिपा, कौले यांची जमवाजमव करायला तेवढा वेळ पुरतो.